आफ्रिका ‘ओलांडली’ म्हणजे नेमकं काय केलं?

मार्च १८७३ मध्ये व्हर्नी लव्हेट कॅमेरून हा ब्रिटिश नौदलातला लेफ्टनंट आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बागामोयोहून आत निघाला आणि नोव्हेंबर १८७५ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या अंगोलातल्या बेंग्वेलाजवळ, समुद्राला लागला. दोन वर्षं आठ महिने. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तरी हे अंतर पावणेतीन हजार किलोमीटरच्या वर भरतं. तो चालला वळसे घेत, अडत, थांबत, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त. विषुववृत्ताकडची आफ्रिका पूर्वेकडून पश्चिमेकडे पार करणारा पहिला युरोपीय म्हणून इतिहासात त्याचं नाव आहे.

यातलं ‘युरोपीय’ काढलं तर मात्र हे विधान टिकत नाही. कॅमेरूनच्या साठ वर्षं आधी, १८११ साली, पेद्रो जुआंव बाप्तिस्ता आणि आमारो जोझे हे व्यापाऱ्यासाठी फिरणारे दोन आफ्रिकी दलाल अंगोलाच्या बाजूने निघून आजच्या मोझांबिकमधल्या तेतेला पोचले होते, आणि नंतर परतही गेले. १८५२ मध्ये पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटाकडचे काही व्यापारी खंड ओलांडून थेट बेंग्वेलात येऊन थडकले, तेव्हा तिथले पोर्तुगीज थक्क झाले होते.

म्हणजे वाटा होत्या. त्यांवर माणसं जात-येत होती, मुक्कामाची गावं ठरलेली होती, कुठल्या सरदाराला किती जकात द्यायची तेही सगळ्यांना ठाऊक होतं. मग कॅमेरूनने नवीन काय केलं? माझं उत्तर असं: दुसऱ्यांनी उभी केलेली, चालू असलेली वाहतूक त्याने भाड्याने घेतली आणि जाता जाता तो मोजत गेला. मोजणं त्याचं, बाकी जवळपास सगळं भाड्याचं. ही भाड्याची बाजू कळली की त्या काळातल्या कुठल्याही ‘शोधमोहिमे’चं वर्णन वेगळ्या नजरेने वाचता येतं. आणि त्या बाजूला कच्छ, मुंबई आणि नाशिक इतक्यांदा भेटतात की आपण तरी ही गोष्ट त्याच टोकाने वाचायला हवी.

खिशात नव्हे, डोक्यावर पैसे

आफ्रिकेच्या आतल्या भागात तेव्हा नाणं चालत नव्हतं. चालत होतं कापड, काचेचे मणी आणि पितळेची तार. कापडात दोन प्रकारांना फार मागणी होती. एक ‘मेरिकानी’, म्हणजे अमेरिकेतल्या गिरण्यांतलं न धुतलेलं जाडंभरडं सुती कापड. दुसरं ‘कानिकी’, म्हणजे हिंदुस्थानातून जाणारं निळीत रंगवलेलं कापड. मणी बहुतेक व्हेनिसचे. त्यात पुन्हा दर प्रदेशाची आवड वेगळी. एका ठिकाणी लाल ‘सामी-सामी’ मण्यांवर लोक तुटून पडायचे, चार मुक्काम पुढे गेलं की त्यांना कुणी हात लावत नसे, तिथे निळे किंवा पांढरे लागत. चुकीचा रंग घेऊन निघालेला माणूस भरल्या पोत्यांनिशी भिकारी ठरायचा. त्यामुळे निघण्याआधी झांझिबारच्या बाजारात बसून जाणत्या माणसाकडून ‘सध्या आत काय चालतं’ याची चौकशी करणं हे मोहिमेतलं सगळ्यात मोलाचं काम होतं.

आता अडचण बघा. दोन-अडीच वर्षांचं धान्य, पगार, जकात, नजराणे हे सगळं कापडात द्यायचं. ते कापड वाहायला माणसं लागणार, कारण बैलगाडी किंवा घोडा इथे चालत नाही (ते का, ते पुढे येईलच). एक हमाल साधारण तीस किलो ओझं घेतो. ही माणसं रोज जेवणार, आणि त्यांचं जेवण त्यांनीच वाहिलेल्या कापडातून विकत घ्यायचं. म्हणजे प्रवास लांबला की जास्त कापड हवं, जास्त कापड म्हणजे जास्त हमाल, जास्त हमाल म्हणजे जास्त तोंडं, आणि पुन्हा जास्त कापड. या चक्रातून कुणालाच सुटका नव्हती. वाटेत एखाद्या गावाने आठ दिवस अडवून धरलं तर आठ दिवस नुसते जात नसत, आठ दिवसांचं कापडही जात असे. युरोपीय प्रवाशांच्या डायऱ्यांत पानोपानी जी चिडचिड दिसते तिचं निम्मं कारण हे आहे.

एवढं कापड आधी उधारीवर कोण देणार? झांझिबारचे कच्छी. तिथल्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता अनेक वर्षं जयराम शिवजी या भाटिया पेढीकडे होता आणि पेढीचा कारभारी लाधा दामजी याच्या हातातून बर्टनपासून स्टॅनलीपर्यंत कित्येक गोऱ्या प्रवाशांच्या मोहिमांचं सामान गेलं. डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनरी-प्रवाशाला आत पाठवलेली रसददेखील याच मार्गाने जायची. ताऱ्या टोपण हा खोजा व्यापारी टिप्पू टिप या हस्तिदंताच्या आणि गुलामांच्या मोठ्या व्यापाऱ्याला भांडवल पुरवत होता. अगदी आत, आजच्या टांझानियातल्या ताबोराला, सुरतेकडचा मुसा मझुरी हा खोजा व्यापारी कॅमेरूनच्या कितीतरी आधी जाऊन बसला होता. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या सभागृहात ज्या प्रदेशाला ‘अज्ञात’ म्हणत होते, त्या प्रदेशातली येणी-देणी कच्छी वह्यांत नोंदली जात होती.

जनावर का नाही?

त्सेत्से माशीमुळे. ही माशी चावली की घोडा, बैल, गाढव, उंट रोडावत जातो आणि काही आठवड्यांत मरतो. माशीच्या चाव्यातून रक्तात जाणारा सूक्ष्म परजीवी हे त्याचं कारण डेव्हिड ब्रूसने १८९५ च्या सुमारास दाखवलं. पण माशी आणि जनावरांचं मरण यांचा संबंध तिथल्या लोकांना आधीपासून पक्का माहीत होता, आणि म्हणूनच ओझं माणसाच्या डोक्यावर होतं. यावर लिव्हिंगस्टनने एक प्रयोग करून पाहिला. १८६६ साली तो मुंबईहून निघाला तेव्हा हिंदुस्थानी उंट, म्हशी आणि खेचरं घेऊन गेला, ती तरी माशीला पुरून उरतील का हे बघायला. सोबत मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाईही होते. जनावरं एकामागून एक मेली, काही माशीने आणि काही शिपायांच्या मारझोडीने, आणि शिपायांना त्याने वाटेतूनच परत पाठवलं.

माणसांना मारायला मलेरिया होताच. क्विनाइन उपयोगी पडतं एवढं माहीत होतं, पण ताप डासांमुळे येतो हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत दाखवायला १८९७ उजाडावं लागलं. त्यामुळे कॅमेरूनची मंडळी ऐन पावसाच्या तोंडावर माकाटाच्या दलदलीत शिरली तेव्हा आपण कशात पाय घालतोय याची त्यांना नीट कल्पना नव्हती. रॉबर्ट मॉफट हा लिव्हिंगस्टनचा भाचा दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातला आपला उसाचा मळा विकून मोहिमेत आला होता. मे १८७३ मध्ये, मोहीम सुरू होऊन दोन महिने होतात न होतात तोच, तो तापाने गेला.

हमालांकडे परत येऊ. हे बहुतेक न्यामवेझी लोक. ओझी वाहणं हा त्यांचा वाडवडिलांपासूनचा धंदा होता आणि त्याचे नियम होते: किती ओझं, किती चाल, कुठे मुक्काम, पगारातला किती भाग आगाऊ. पुढे झेंडा घेऊन वाटाड्या चाले, त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. साहेब लोक त्यांना ‘पळपुटे’ म्हणत, कारण ते आगाऊ पैसे घेऊन वाटेत नाहीसे होत. पण पगार परवडेना, पुढे लढाई आहे असं कळलं किंवा साहेब चाबूक काढतो असं दिसलं, तर निघून जाणं हाच त्यांच्या हातातला एकमेव उपाय होता. कॅमेरूनच्या वाट्याला तर हमाल मुळात चांगले आलेच नाहीत. लिव्हिंगस्टनला शोधायला गेलेल्या स्टॅनलीने नुकतंच भरमसाट पैसे देऊन दर चढवून ठेवले होते. शिवाय त्याच सुमारास सर बार्टल फ्रिअर झांझिबारला येऊन सुलतानावर गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी दबाव आणत होता, त्यामुळे इंग्रजांबरोबर जायला कुणी राजी नव्हतं. हा फ्रिअर म्हणजे मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडायला लावणारा आपला माजी गव्हर्नर. सुलतान बरगशने जून १८७३ मध्ये करारावर सही केली आणि झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. किनाऱ्यावर बंद झाला, एवढंच. आत काय चाललं होतं ते कॅमेरूनला पुढे बघावं लागलं.

बॉम्बे नावाचा माणूस

कॅमेरूनच्या तांड्याचा मुकादम होता सिदी मुबारक बॉम्बे. या माणसाची हकिकत स्पीक या इंग्रज प्रवाशाने त्याच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवली आहे. तो याओ जमातीतला, आजच्या टांझानिया-मोझांबिक सीमेकडचा. आई लहानपणीच गेलेली. बारा वर्षांचा असताना किनाऱ्याकडचे व्यापारी तलवारी-बंदुका घेऊन गावावर आले. दुष्काळात गावाने त्यांच्याकडून कापड आणि मणी उधार घेतले होते, ते आत्ताच्या आत्ता फेडा म्हणाले. गावाला फेडता येईना. लढाई झाली, गाव मोडलं आणि हा पोरगा किनाऱ्यावरच्या किल्वा बंदराच्या बाजारात कापडाच्या बदल्यात विकला गेला. तिथून झांझिबार, आणि तिथून एका हिंदी व्यापाऱ्याबरोबर गुजरात. बरीच वर्षं तिकडे गेल्यावर मालक वारला, बॉम्बे मोकळा झाला आणि झांझिबारला परतून सुलतानाच्या फौजेत शिपाई झाला. नाव मात्र हिंदुस्थानातून आणलेलं चिकटलं ते चिकटलंच.

१८५७ मध्ये बर्टन आणि स्पीक टांगानिका सरोवराकडे निघाले तेव्हा तो त्यांना मिळाला. स्पीकला आफ्रिकी भाषा येत नव्हत्या, अरबीही येत नव्हती. पण तो बंगालच्या फौजेत होता, त्यामुळे हिंदुस्थानी येत होती, आणि बॉम्बेला गुजरातेतल्या मुक्कामामुळे येत होती. (बर्टन तर मुंबईच्या फौजेतला, त्याने मराठीचीसुद्धा परीक्षा दिलेली.) नाईलच्या उगमाचा जो गाजलेला शोध, त्यातली निम्मी बोलणी अशी झाली: स्पीक हिंदुस्थानीत विचारणार, बॉम्बे ते स्वाहिलीत फिरवणार, पुढचा कुणी स्थानिक भाषेत, आणि उत्तर त्याच पायऱ्या चढत परत. एखाद्या सरदाराने ‘उत्तरेला मोठं पाणी आहे’ म्हटलेलं लंडनच्या नकाशात रेघ होऊन येईपर्यंत किती तोंडांतून गेलं असेल याचा अंदाज करा. त्या काळचे नकाशे वाचताना मला हे कायम आठवतं.

बॉम्बेने बर्टन-स्पीक, मग स्पीक-ग्रँट, मग स्टॅनली आणि शेवटी कॅमेरून अशा चार मोहिमा केल्या. स्पीक-ग्रँटबरोबर तो नाईलच्या काठाने पार कैरोपर्यंत गेला, कॅमेरूनबरोबर अटलांटिकपर्यंत. त्याच्याइतका आफ्रिका चाललेला माणूस त्या काळात दुसरा सापडणं कठीण. बक्षीस काय मिळालं? स्टॅनलीने त्याचं वर्णन करताना वरच्या दातांमधल्या खिंडाराचा उल्लेख केला आहे. ते दात युगांडात संतापलेल्या स्पीकच्या ठोशाने पडले होते. स्टॅनलीनेही त्याच्यावर चाबूक चालवला. कॅमेरूनची तक्रार होती की म्हातारा आता ढिला पडलाय आणि दारू फार पितो. असेलही. पण भांडणं मिटवायची, हमाल परत आणायचे, जकातीची घासाघीस करायची, हे सगळं त्या ‘ढिल्या’ माणसाच्याच गळ्यात होतं.

नाशिकहून आलेलं पत्र

कॅमेरून मुळात खंड ओलांडायला निघालाच नव्हता. त्याला पाठवलं होतं लिव्हिंगस्टनला गाठून मदत करायला. ऑगस्ट १८७३ मध्ये तो ताबोराला पोचला. तिथे तो आणि मोहिमेतले त्याचे सोबती डॉक्टर डिलन आणि मर्फी असे तिघेही तापाने लोळागोळा झाले. कॅमेरूनच्या डोळ्यांना तर काही काळ दिसेनासं झालं. ऑक्टोबरमध्ये एक दिवस लिव्हिंगस्टनचा माणूस चुमा एक चिठ्ठी घेऊन दारात उभा राहिला. चिठ्ठी इंग्रजीत होती, लिव्हिंगस्टनच्या मुलाला उद्देशून, कारण मदतीला तोच येतोय असं लिहिणाऱ्यांना वाटलं होतं. मजकूर थोडक्यात असा: तुमचे वडील वारले, आम्ही प्रेत घेऊन येत आहोत, आमची दहा माणसं हरवली आहेत, काही मेली आहेत, भुकेने हैराण झालो आहोत, धान्य घ्यायला थोडं कापड पाठवा. तापाने ग्लानीत असलेल्या कॅमेरूनला आधी काही उमगेचना.

लिहिणाऱ्याचं नाव जेकब वेनराइट. शिक्षण नाशिक.

झालं होतं असं. गुलामांची वाहतूक करणारी गलबतं ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात पकडायचं आणि सोडवलेली मुलं मुंबईत उतरवायचं. त्यांतली पुष्कळ चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिकच्या शरणपूर वसाहतीत जायची. आज नाशिककर ज्याला शरणपूर रोड म्हणतात, त्याचं नाव तिथून आलं. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइसच्या देखरेखीखाली तिथे मुलांना लिहायला-वाचायला आणि सुतारकी, लोहारकी असं हाताचं काम शिकवत. १८६६ मध्ये लिव्हिंगस्टनने इथली नऊ मुलं बरोबर नेली, आणि १८७२ मध्ये जेकबसह आणखी सहा जण त्याच्याकडे गेले. चिठ्ठी आणणारा चुमाही मुंबईत राहून गेलेला. लिव्हिंगस्टनने त्याला इथे डॉक्टर जॉन विल्सनच्या, म्हणजे विल्सन कॉलेजवाल्या विल्सनच्या शाळेत ठेवलं होतं.

मे १८७३ च्या सुरुवातीला आजच्या झांबियात, चितांबो सरदाराच्या गावी, लिव्हिंगस्टन वारला तेव्हा आसपास एकही गोरा माणूस नव्हता. पुढे काय करायचं ते या लोकांनीच बसून ठरवलं. आतडी आणि हृदय काढून एका झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या सालीवर नाव-तारीख कोरली. देहात मीठ भरून तो पंधरवडाभर उन्हात वाळवला, कापडात गुंडाळला, सालीच्या नळकांड्यात घातला, वरून शिडाचं कापड शिवलं आणि डांबर फासलं. मग दीड हजार किलोमीटरच्या आसपास चालत समुद्राकडे.

ताबोरात कॅमेरूनने सुचवलं, इथेच पुरून टाका, पुढे वाट धोक्याची आहे. ते नाही म्हणाले. पुढे एका गावाने प्रेत आपल्या हद्दीतून नेऊ द्यायला साफ नकार दिला. तेव्हा त्यांनी ज्वारीच्या ताटांचा प्रेतासारखा गठ्ठा बांधला, तो समारंभाने ताबोराच्या दिशेने परत पाठवला आणि खरं प्रेत साध्या कापडाच्या गाठोड्यासारखं बांधून इतर ओझ्यांमध्ये मिसळून टाकलं. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोचले. एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा पेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता.

मर्फी आणि डिलन ताबोराहूनच मागे फिरले. तापाच्या भ्रमात डिलनने वाटेत स्वतःला गोळी घालून घेतली. कॅमेरूनचं काम आता अधिकृतपणे संपलं होतं. त्याने लिव्हिंगस्टनच्या सामानातली काही उपकरणं ठेवून घेतली आणि पश्चिमेकडे निघाला. ही त्याची स्वतःची हिंमत, तिला नाव ठेवायला जागा नाही.

पाणी किती अंशाला उकळतं?

आता मोजण्याकडे येऊ, कारण कॅमेरूनचं खरं योगदान इथे आहे.

आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत हे कळायला अक्षांश आणि रेखांश लागतात. अक्षांश सोपा: ठरावीक तारा क्षितिजापासून किती वर आहे तो कोन सेक्स्टंटने मोजायचा. पण समुद्रावर क्षितिज सरळ दिसतं, जंगलात ते कुठून आणणार? त्यासाठी एका तबकात पारा ओतायचे. पारा आपोआप सपाट होतो आणि त्यात ताऱ्याचं प्रतिबिंब दिसतं. तारा आणि प्रतिबिंब यांच्यामधला कोन मोजायचा आणि निम्मा करायचा. रात्री, डासांत, ताप अंगात असताना, वाऱ्याने पारा हलू नये म्हणून वर काचेचं छप्पर धरून.

रेखांश अवघड. त्यासाठी या क्षणी ग्रीनिचला किती वाजलेत ते कळायला हवं. इथली वेळ आणि तिथली वेळ यांत चार मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश. घड्याळं हिंदकळून बिघडत, म्हणून चंद्र वापरायचा. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, आणि कुठल्या वेळी तो कुठल्या ताऱ्यापासून किती अंतरावर असेल याची कोष्टकं पंचांगात छापलेली असत. अंतर मोजा, कोष्टकात शोधा, ग्रीनिचची वेळ मिळाली. कॅमेरूनने अशी निरीक्षणं ढिगाने घेतली.

आणि उंची? त्यासाठी पाणी उकळायचं. जितकं उंचावर जाल तितका हवेचा दाब कमी आणि तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं: साधारण तीनशे मीटरला एक अंश सेल्सिअस. महाबळेश्वरला पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो तो याच कारणाने, तिथे पाणी पंचाण्णव-शहाण्णव अंशांवरच उकळतं. म्हणजे चांगला तापमापक आणि एक स्पिरिटचा दिवा एवढ्यावर डोंगराची किंवा नदीची उंची काढता येते. अंशाच्या दहाव्या भागाची चूक झाली तर तीस मीटरचा फरक पडतो, हे मात्र लक्षात ठेवा.

या साध्या युक्तीवर एक मोठा वाद निकाली निघण्याच्या वाटेवर आला. टांगानिकाच्या पश्चिमेला लुआलाबा नावाची प्रचंड नदी उत्तरेकडे वाहते. उत्तरेकडे म्हणजे नाईलकडे, असं लिव्हिंगस्टनला मरेपर्यंत वाटत होतं. कॅमेरून ऑगस्ट १८७४ मध्ये तिच्या काठावरच्या न्यांग्वेला पोचला. त्याची मापं सांगत होती की इथली नदीची पातळी उत्तरेकडे, आजच्या दक्षिण सुदानमधल्या गोंडोकोरोला असलेल्या नाईलच्या पातळीपेक्षा खाली आहे. पाणी चढणीला लागत नाही. पण वर म्हटल्याप्रमाणे उंचीच्या मापात थोडीफार चूक सहज होते, म्हणून मला त्याचा दुसरा मुद्दा जास्त भक्कम वाटतो. त्याने नदीची रुंदी, खोली आणि वेग धरून पाण्याचा हिशोब केला, आणि तो गोंडोकोरोच्या नाईलमधल्या पाण्याच्या कितीतरी पट निघाला. एवढं पाणी वाहून नेणारी, त्या दिशेला असलेली नदी एकच: काँगो. त्याआधी, मे १८७४ मध्ये, टांगानिकातून पश्चिमेकडे बाहेर पडणारी लुकुगा नदीही त्याने शोधली होती. बाहेर पडायला वाट नसेल तर सरोवराचं पाणी गोडं कसं, हे कोडं त्यामुळे सुटायला लागलं.

नदीतून उतरून हे सिद्ध करायचा त्याचा बेत होता. होड्या मिळेनात. तीन वर्षांपूर्वी, जुलै १८७१ मध्ये, याच न्यांग्वेच्या बाजारात व्यापाऱ्यांच्या बंदूकधाऱ्यांनी भर गर्दीवर गोळीबार केला होता आणि लिव्हिंगस्टनने तो डोळ्यांनी पाहिला होता. परक्याला होडी द्यायला नदीकाठचे लोक नाखूश असले तर नवल काय? नाइलाजाने कॅमेरून टिप्पू टिपच्या मदतीने नदी सोडून दक्षिणेकडे वळला.

गुलामांच्या तांड्यासोबत

कॅमेरूनने तरुणपणी पूर्व किनाऱ्यावर गुलामांची गलबतं पकडण्याची नोकरी केली होती. आता लुबा राजा कासोंगोच्या राजधानीत त्याला पश्चिमेकडे जाणारा एकच तांडा मिळाला, आणि तो होता गुलामांचा व्यापारी जोझे अंतोनियो आल्वेझ याचा. एकट्याने जायला ना माणसं उरली होती ना कापड. तो त्यांच्याबरोबर निघाला.

वाटेत कोइंब्रा नावाचा दुसरा व्यापारी येऊन मिळाला. त्याच्यामागे दोरांनी एकमेकींना बांधलेल्या बावन्न बायका होत्या, काहींच्या कडेवर मुलं. कॅमेरूनने हिशोब मांडला आहे: या बावन्न जणींसाठी किमान दहा गावं उद्ध्वस्त झाली असणार, म्हणजे सुमारे पंधराशे माणसं मेली, पळाली किंवा उपाशी राहिली. नदीचं पाणी मोजणाऱ्या माणसाने हेही तसंच मोजलं, आणि त्याच्या सगळ्या लिखाणात इतकी चटका लावणारी जागा मला दुसरी दिसत नाही. पण तो त्याच तांड्याच्या संरक्षणात, त्यांच्याच मुक्कामांवर, महिनोन्‌महिने चालत राहिला, हेही तितकंच खरं. व्यापाराच्या वाटेवरून जायचं तर त्या वाटेवरचा मुख्य माल कोणता हे दिसल्याशिवाय राहत नव्हतं.

शेवटी शेवटी कापड पार संपलं आणि माणसं गळाठली. कॅमेरून मोजके लोक घेऊन झपाझप पुढे झाला आणि किनाऱ्यावर पोचला तेव्हा स्कर्व्ही या रोगाने त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. बेंग्वेलातल्या पोर्तुगीज डॉक्टरने त्याला वाचवलं. मागे राहिलेल्यांना आणवून त्याने एक शिडाचं जहाज विकत घेतलं आणि सगळ्यांना आफ्रिकेला वळसा घालून झांझिबारला रवाना केलं. हमालांना घरी पोचवण्याची एवढी काळजी सगळ्यांनी घेतलेली नाही.

त्या मोजमापांचं काय झालं

जानेवारी १८७६ मध्ये काँगोच्या खोऱ्यातल्या संपत्तीचं कॅमेरूनने केलेलं वर्णन लंडनच्या वर्तमानपत्रात आलं. ब्रिटिश सरकारने फारशी दखल घेतली नाही. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने मात्र घेतली, आणि इतकी की मोहिमेचा खर्च भरून द्यायचीही तयारी दाखवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने ब्रसेल्सला भूगोलतज्ज्ञांची परिषद भरवली, पाहुण्यांत कॅमेरून होता. १८७७ मध्ये स्टॅनलीने, सुरुवातीला टिप्पू टिपच्या बंदोबस्तात, न्यांग्वेहून नदी उतरून ती काँगोच आहे हे पक्कं केलं आणि नंतर लिओपोल्डची नोकरी पत्करली. १८८५ मध्ये ते अख्खं खोरं लिओपोल्डची खासगी मालमत्ता झालं. तिथे रबरासाठी जे झालं तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कॅमेरूनला रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. बॉम्बेला रौप्यपदक आणि पेन्शन मिळालं, तो १८८५ मध्ये वारला. लिव्हिंगस्टनचं प्रेत आणणाऱ्यांसाठी साठ रौप्यपदकं पाडली गेली, पण ती झांझिबारला येईपर्यंत बरेच जण आपापल्या वाटेने पांगले होते. चुमा पुढे इतर मोहिमांची तांडेलकी करणारा नावाजलेला माणूस झाला.

नाशिकची आफ्रिकी वसाहत मात्र उठली. १८७५ मध्ये प्राइसने मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसवलं, बार्टल फ्रिअरच्या नावाने, आणि शरणपुरातली मंडळी तिकडे गेली. तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. शाळेतले शिक्षक, दुभाषे, सुतार, धर्मोपदेशक यांत ही माणसं भरपूर होती. जेकबबरोबर गेलेल्यांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासाला १९३५ पर्यंत होता, आणि लिव्हिंगस्टनबद्दल काही विचारायचं असलं की लोक त्याच्याकडे जात.